हजर, हुजूर आणि हुजरेगिरी

दुपारची भांडी आवरून कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणी बांधावर सावलीला बसून. आज आपण एका शब्दाची गोष्ट करणार आहोत. शब्द जुना आहे, पण आपल्या बैठकीत तो अजून येऊन बसतो. तो शब्द आहे हुजरेगिरी.

हा शब्द आमच्या मनात का घुसला, ते आधी सांगतो. आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. आमच्या भागातल्या एका गटानं कर्ज घेतलं, दीड लाख रुपये. गटात अकरा जणी. कागदावर कर्ज अकरा जणींत वाटलं होतं. प्रत्यक्षात सगळी रक्कम अध्यक्षताईंच्या दिराच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याला गेली. बैठकीचं इतिवृत्त घरूनच लिहून आणलेलं होतं. "सह्या करा गं, साहेब थांबलेत," असं कुणी म्हणालं आणि वही हातोहात फिरली. दहा मिनिटांत अकरा सह्या झाल्या. सहा महिन्यांनी हप्ते थकले आणि नोटीस आली ती अकरा जणींच्या नावानं.

त्या दिवशी आम्हीही तिथं होतो. "ठराव वाचून दाखवला का?" हे विचारणं आमचंच काम. पण आम्हाला पुढच्या गावची बैठक गाठायची होती आणि साहेबांसमोर वाद नको होता. आम्हीही मान डोलावली.

नोटीस आल्यावर बैठक बसली. रडारड झाली, भांडण झालं. शेवटी खुरपणीला जाणाऱ्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "सगळ्यांनी हुजरेगिरी केली. मी पण केली. आता भरा." एका पोरीनं विचारलं, "मावशी, हुजरेगिरी म्हणजे काय?" मावशी म्हणाल्या, "माझा बा म्हणायचा. वाड्याच्या दारात हात बांधून उभा राहतो तो हुजऱ्या."

मावशींचं बरोबर होतं. मोठ्या माणसाच्या जवळ राहून त्याची कामं करणारा, बोलावलं की धावणारा नोकर म्हणजे हुजऱ्या. त्याचं काम ती हुजरेगिरी. आज आपण हा शब्द नोकरीसाठी वापरत नाही. आपला फायदा व्हावा किंवा आपल्याला त्रास होऊ नये म्हणून जो वरच्याच्या पुढे पुढे करतो, त्याच्या वागण्याला आपण हुजरेगिरी म्हणतो.

आता गंमत बघा. हुजऱ्या म्हणजे नोकर, आणि तो ज्याच्यासमोर वाकतो तो मालक म्हणजे हुजूर. मालक आणि नोकर, दोघांची नावं एकाच शब्दातून निघाली आहेत. हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ हजर असणं, समोर असणं. अरबीतून तो फारशीत गेला. फारशी ही शेकडो वर्षं आपल्याकडच्या दरबारांची आणि कागदपत्रांची भाषा होती, त्यामुळे तिथून तो मराठीत आला. बादशहाच्या समोर जाणं म्हणजे हुजुरात जाणं. पुढे ज्याच्या समोर जायचं त्या माणसालाच लोक हुजूर म्हणू लागले. आणि त्याच्या समोर सतत हजर राहणारा झाला हुजऱ्या.

याच घराण्यातले आणखी शब्द आपण रोज वापरतो. हजर, हजेरी, गैरहजर हे सगळे त्याच मुळातले. आपल्या गटाच्या वहीत पहिल्या पानावर असते ती हजेरी ही हुजुराची सख्खी बहीण आहे. आणखी एक नातेवाईक आहे, हजरजबाबी. म्हणजे जिचं उत्तर तयार असतं ती. एकाच मुळातून जी हुजूर म्हणणारा निघाला आणि फटकन उत्तर देणारी हजरजबाबी बाईही निघाली. शब्दाचा मूळ अर्थ फक्त समोर असणं एवढाच होता. समोर गेल्यावर काय करायचं, ते शब्दानं सांगितलं नव्हतं. ते माणसांनी ठरवलं.

समोर गेल्यावर कसं वाकायचं याचे दरबारात नियम होते. अकबर बादशहाच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात अबुल फजलनं ते लिहून ठेवले आहेत. उजव्या हाताचा तळवा कपाळाला लावून मान झुकवायची, ते कुर्निसात. उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवायची, मग हळूहळू उभं राहत तळवा डोक्यावर ठेवायचा, ती तसलीम. आपण स्वतःला अर्पण करायला तयार आहोत, असा त्याचा अर्थ. म्हणजे तोंडानं हो म्हणण्याआधीच अंगाला हो म्हणायला शिकवलेलं होतं.

याच दरबारात १२ मे १६६६ या दिवशी आग्र्याला काय घडलं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शिवाजी महाराज औरंगजेबाच्या समोर हजर झाले. त्यांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं. पुरंदरच्या तहानंतर पाच हजारी मनसब तर बाल संभाजीराजांनाही दिलेली होती. महाराज संतापले. पुढे कोण उभं आहे, असं त्यांनी विचारलं आणि जसवंतसिंगाचं नाव ऐकल्यावर त्यांचा राग आणखी वाढला. ते रांगेतून बाजूला झाले आणि दिलेली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, त्यांनी घेतली नाही. पुढे नजरकैद झाली आणि ऑगस्टमध्ये ते आग्र्याहून निसटले. ही गोष्ट आपण पोवाड्यात ऐकतो तेव्हा अंगावर काटा येतो. आमच्या विषयापुरतं सांगायचं तर महाराज तिथं हजर झाले, पण हुजऱ्या झाले नाहीत.

महाराजांनी पुढे राज्यव्यवहारकोश करवून घेतला. राज्यकारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत शब्द द्यावेत, हा त्याचा हेतू. तरीही हुजूर हा शब्द मराठीतून गेला नाही. पेशव्यांच्या काळात पुण्यातल्या मध्यवर्ती कचेरीला हुजूर दफ्तर म्हणत. खुद्द धन्याच्या फौजेला हुजुरात म्हणत. राज्य बदललं, राजधानी बदलली, पण वरच्याला हुजूर म्हणायची सवय तशीच राहिली. इंग्रजांच्या काळात मोठ्या साहेबाची कचेरी ती हुजूर कचेरी झाली.

आता जी हुजूरमधला जी घेऊ. जी हा काही गुलामीचा शब्द नाही. तो प्रेमाचा आणि आदराचा शब्द आहे. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या जुन्या मराठी ग्रंथात, शिष्य आपल्या गुरूशी बोलताना पावलोपावली जी म्हणतात. या शिष्यांत महदाइसा नावाची एक बाई होती. तिला आपण महदंबा म्हणूनही ओळखतो. तिनं लग्नातली धवळे रचली आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ही महदाइसा गुरूला प्रश्न विचारण्यासाठी प्रसिद्ध होती. हे असं का, ते तसं का, असं ती विचारत राहायची. तिचे प्रश्न होते म्हणून कितीतरी गोष्टी त्या ग्रंथात नोंदल्या गेल्या. जी म्हणणं आणि प्रश्न विचारणं ही दोन्ही कामं एकच तोंड करू शकतं, हे सातशे वर्षांपूर्वीच्या बाईनं दाखवून दिलेलं आहे. आपण मात्र समजतो की मोठ्यांना प्रश्न विचारला म्हणजे त्यांचा मान गेला.

मराठीत या वागण्याला आणखी बरीच नावं आहेत. होयबा हा त्यातला अगदी घरगुती शब्द. होय बा, होय बा म्हणत राहणारा तो होयबा. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील धरणारे असतात, त्यावरून कुणाच्या मागे झील ओढणं. खंडोबाची तळी सगळे हात लावून उचलतात, त्यावरून कुणाची तळी उचलणं. आणि सगळ्यात ओळखीचा म्हणजे नंदीबैल. दारात गुबूगुबू वाजलं की पोरं धावतात. मालक विचारतो, पाऊस पडेल का? बैल मान हलवतो. या घरातल्या बाईला मुलगा होईल का? बैल मान हलवतो. आपण हसतो आणि सुपातलं धान्य देतो.

पण त्या बैलाकडे नीट बघितलं आहे का कधी? त्याच्या गळ्यात दोर असतो आणि दोराचं टोक मालकाच्या हातात असतं. मान हलवली तर चारा, नाही हलवली तर फटका, असं शिकून तो मोठा झालेला असतो. बैलाचा स्वभाव होयबाचा नसतो. त्याला होयबा केलेलं असतं.

बायांचंही तसंच आहे, असं आम्हाला वाटतं. लोक म्हणतात, बायकांचा स्वभावच मऊ, त्या कुणाला नाही म्हणू शकत नाहीत. हे खरं नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारी बाई कर्जाच्या ठरावापुढे गप्प बसते. स्वभाव तोच असतो, मग गप्प का बसते? कारण ठराव आणणारीच्या रानात तिला उद्या कामाला जायचं असतं. कारण घर नवऱ्याच्या नावावर असतं. दोर कुठं बांधलेला आहे, ते आधी बघावं लागतं.

गावगाड्यात हा दोर जातीचाही होता. महार समाजाच्या माणसाला वरच्या जातीच्या माणसापुढे जोहार घालावा लागे. नमस्कार नाही, रामराम नाही, जोहारच. वतनाची हलकी कामं आणि तो जोहार बरोबरीनंच चालत. बाबासाहेब आंबेडकरांनी वतन सोडायला सांगितलं, आणि त्यांच्या चळवळीतल्या लोकांनी जोहार सोडून जय भीम म्हणायला सुरुवात केली. पुढे १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली. शब्द बदलला म्हणजे नुसतं बोलणं बदललं असं नाही, मानही ताठ झाली. आणि हेही लक्षात ठेवा, अनेक आदिवासी समाजांत जोहार हा एकमेकांना प्रेमानं करायचा नमस्कार आहे. तिथं दोघंही एकमेकांना जोहार करतात. एकानंच करायचा आणि दुसऱ्यानं नुसता घ्यायचा, तिथं मात्र त्याची हुजरेगिरी होते.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. गुलाम हाही अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ पोरगा. पोरगा म्हणता म्हणता तो चाकर झाला आणि मग विकत घेतलेला माणूस झाला. मोठ्या बाप्याला 'ए पोरा' म्हणून हाक मारणारे आपण अजून बघतो, आणि चाळिशीच्या बाईला 'पोरी, तुला काय कळतंय' म्हणणारेही बघतो. तेव्हा हा शब्द आठवावा.

मग नाही म्हणणाऱ्या बाया झाल्या की नाही? झाल्या तर. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सगळे दोष बायकांच्याच माथी का मारता, असा त्यांचा सरळ सवाल होता. लोकांनी टीका केली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

आणि मुंबईच्या रखमाबाई. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावलं होतं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं १८८४ मध्ये कोर्टात दावा लावला. आधी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, मग अपील झालं. मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. विचार करा, ज्या काळात बाई दिंडी दरवाजाबाहेर एकटी जात नव्हती, त्या काळात एक तरुण बाई इंग्रज न्यायाधीशाला नाही म्हणाली. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं नाही. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेला बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं.

त्यांच्या पाठीशी आई होती, डॉक्टर असलेले सावत्र वडील होते, शिक्षण होतं. हे आम्ही मुद्दाम सांगतो. नाही म्हणायला पाठीशी काहीतरी लागतं. ते नसताना बाई हो म्हणाली, तर तिला भित्री म्हणू नका.

हुजूर या शब्दाची एक चांगली गोष्टही सांगायची आहे. पुण्यात पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा होती. हुजुरांची पागा, म्हणून ती हुजूरपागा. पेशवाई गेली, घोडे गेले. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा मंडळींनी पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढलं. मुलींना इंग्रजी कशाला, असल्या शिक्षणानं त्या घरच्या राहणार नाहीत, अशी टीका वर्तमानपत्रांतून झाली. तरी शाळा चालली. ही शाळा त्या पागेच्या जागी उभी राहिली आणि लोक शाळेलाच हुजूरपागा म्हणू लागले. आजही म्हणतात. जिथं धन्याचे घोडे बांधलेले असत, तिथं मुली रोज सकाळी हजेरीला उभ्या राहून हजर म्हणू लागल्या. शब्द तोच राहिला आणि माणसं बदलली.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडून सह्या कुठं कुठं घेतल्या जातात? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं कायदा सांगतो. पण कितीदा असं होतं की सभा होतच नाही, आणि वही घेऊन कुणीतरी घरोघरी येतं. "वहिनी, इथं सही करा." हजेरीच्या वहीत आपण हजर असतो आणि प्रत्यक्षात चुलीपाशी असतो. समोर असणं हा ज्या शब्दाचा अर्थ, त्याचीच ही थट्टा आहे.

दुसरी सही हक्कसोडपत्राची. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यानं दिला, आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं. पण वडील गेले की तेराव्यानंतर भाऊ म्हणतो, "ताई, तहसीलला यायचंय, एक सही हवी." ताई जाते आणि सही करते. तिला जमीन नको असते असं नाही. माहेरचं दार बंद होईल, भाऊबीजेला ताट कुणासमोर धरायचं, याची तिला भीती असते. सही करायची की नाही हे ज्या त्या बाईनं ठरवावं, आम्ही सांगणार नाही. भाऊ गरीब असेल, बहिणीनं मनापासून सोडलं असेल, तर ते प्रेम आहे. पण कागदावर काय लिहिलंय हे न वाचता, न विचारता केलेल्या सहीला प्रेम म्हणता येणार नाही.

त्या अकरा जणींचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. दिरानं थोडे पैसे भरले, बाकीचे बायांनी मजुरीतून भरले. एकीनं शेळी विकली. शेवटचा हप्ता गेला तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत. अध्यक्षताई स्वतःच म्हणाल्या, "घरात मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून तुम्हाला मी हो म्हणायला लावलं." दोर त्यांच्याही गळ्यात होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गट फुटला नाही.

आता त्या गटाचे तीन नियम आहेत. ठराव बैठकीतच लिहायचा, घरून लिहून आणायचा नाही. सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचायचा, साहेब थांबलेले असले तरी. आणि जिला पटलं नाही, तिचं नाव आणि तिचं म्हणणं वहीत लिहायचं. पहिले दोन महिने ते पान कोरंच राहिलं. तिसऱ्या महिन्यात मावशींनी अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. "व्याज किती ते परत वाच," म्हणाल्या. वाचणाऱ्या पोरीनं परत वाचलं. आकडा चुकलेलाच होता. आम्ही शेजारीच बसलो होतो आणि आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हजेरी घेताना नुसतं नाव वाचून पुढे जाऊ नका. नाव घेतलं की प्रत्येकीनं हजर म्हणायचं आणि आजच्या ठरावावर एक वाक्य बोलायचं. पटलं तर पटलं म्हणा, नाही तर नाही म्हणा. वेळ लागेल, कालवण करपेल कदाचित. पण वही तुमची आहे आणि पैसेही तुमचेच आहेत.

तुमच्या गावात हुजरेगिरीला काय म्हणतात, तेही आम्हाला कळवा. प्रत्येक गावाचा वेगळा शब्द असतो. पुढच्या वेळी त्यातलेच काही शब्द घेऊन येऊ.